हिवाळा, वसतिगृहातील मुले आणि शाळेची बाग

दिवाळीची सुटी संपवून मुले वसतिगृहात परततात, त्याच सुमारास वऱ्हाडात थंडीला प्रारंभ होतो. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असावा, असे पालकांना सहसा वाटत नाही. परंतु निवासी शाळेत वर्षानुवर्षे वावरलेल्या आम्हा शिक्षकांना नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबर महिना यांची एक वेगळीच ओळख झालेली असते. या दिवसांत पोटदुखीच्या तक्रारी वाढतात. कोणाचे डोके दुखते, कोणाला भूक लागत नाही, कोणाला पहाटेच्या वंदनेसाठी उठवत नाही. तपासणीत डॉक्टरांना काही सापडत नाही. जुलैमध्ये सर्वांच्या पुढे धावणारा सहावीतला एखादा मुलगा खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसतो. विचारले तर ‘काही नाही, सर’ एवढेच उत्तर येते.

हे ‘काही नाही’ नेमके काय असते आणि त्यावर शाळेच्या बागेचा कितपत उपयोग होतो, हे माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यापुढे मांडावे, असा या लेखाचा हेतू आहे.

हिवाळा आणि मनाची मरगळ यांचा शास्त्रीय अभ्यास प्रामुख्याने थंड देशांत झाला. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करणारे नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली ऋतुजन्य नैराश्याचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गचे, म्हणजे भरपूर उन्हाच्या प्रदेशातले. अमेरिकेत आल्यावर हिवाळ्यात आपलाच उत्साह ओसरतो, हे त्यांच्या ध्यानात आले आणि तेथून त्यांच्या संशोधनाला दिशा मिळाली. आज आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी परदेशी शिक्षणासाठी व नोकरीसाठी जात आहेत. त्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. लंडनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो. तेथे गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात मन मिटल्यासारखे झाले, तर तो आपल्या निर्धारातील उणेपणा नव्हे.

या विकाराचे कारण उजेडाशी निगडित आहे. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांचे काम चित्र पाहण्याचे नसून उजेडाचे प्रमाण मोजण्याचे असते. त्या मेंदूतील घड्याळाला सकाळ झाल्याची वर्दी देतात. ही वर्दी वेळेवर व पुरेशी मिळाली नाही, तर झोप, भूक आणि मनाची उभारी यांचे वेळापत्रक विस्कटते. म्हणूनच त्या देशांत अशा रुग्णांना सकाळी अर्धा तास दहा हजार लक्स इतक्या तीव्र प्रकाशाच्या दिव्यासमोर बसवितात.

आता आपल्या बार्शीटाकळीचा विचार करू. आपले गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेवीस अंशांच्या किंचित वर आहे. येथे वर्षातील सर्वांत लहान दिवस सुमारे दहा तास पन्नास मिनिटांचा आणि सर्वांत मोठा सुमारे तेरा तास वीस मिनिटांचा. फरक अवघ्या अडीच तासांचा. शिवाय आपला हिवाळा म्हणजे धुक्याने काळवंडलेला ऋतू नाही. उलट, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात होरपळणाऱ्या अकोला जिल्ह्याला वर्षभरात खऱ्या अर्थाने सुख देणारा ऋतू कोणता असेल, तर तो हाच. निरभ्र आकाश, कोवळे ऊन, बांधावरची बोरे, हुरड्याचे दिवस. मग येथे मुले मलूल का व्हावीत?

याचे एक उत्तर वेळापत्रकात आहे. जानेवारीच्या मध्यास आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. निवासी शाळेतील मुले पाचला उठतात, ट्यूबलाइटच्या उजेडात अभ्यास करतात, न्याहारी करून वर्गात जातात, आणि वर्ग सुटून कपडे-भांडी आटोपेपर्यंत दिवस कलतो. डिसेंबरमध्ये पावणेसहाच्या पुढे-मागे सूर्यास्त होतो. वर्गातील उजेड फार तर दोन-पाचशे लक्स असतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो अनेक पटींनी अधिक असतो आणि भर उन्हात लाखाच्या घरात जातो. म्हणजे आभाळभर ऊन असूनही मूल काळोखात राहते. ज्या प्रदेशाने उन्हाची कधी तक्रार संपविली नाही, त्या प्रदेशातील मुलांना ऊन कमी पडावे, हा विरोधाभास खरा आहे.

दुसरे उत्तर घराकडे बोट दाखविते, आणि आमच्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. आपले बहुसंख्य पालक शेतमजूर किंवा अल्पभूधारक. दिवाळीनंतर कपाशीचे वेचे जोरात असतात, तुरीची सोंगणी जवळ येते, काही कुटुंबे वीटभट्टीवर निघून जातात. जून-जुलैमध्ये महिन्यातून एकदा भेटायला येणारे आई-वडील या काळात दोन-दोन महिने येऊ शकत नाहीत. सुटीत मुलाने घरी काय पाहिलेले असते, हेही विसरून चालणार नाही. कापसाला काय भाव मिळाला, कृषिसेवा केंद्राची उधारी किती राहिली, बहिणीचे लग्न पुढे का ढकलले, हे सारे दहा-बारा वर्षांचे मूल निमूटपणे ऐकत असते. ते सारे तो पेटीत कपड्यांबरोबर भरून आणतो आणि कोणाला दाखवीत नाही.

शिवाय हा ऋतू आपल्या समाजाच्या स्मरणाचाही आहे. ६ डिसेंबर १९५६ या दिवशी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, आपल्या अमरावतीच्या मातीतले गाडगेबाबा गेले. त्या वर्षीचा डिसेंबर वऱ्हाडाने कसा काढला असेल, याच्या आठवणी आम्ही लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. शाळेत ६ डिसेंबरचे अभिवादन होते, मुले शांत उभी राहतात. या शांततेत प्रत्येक मूल आपापले दुःखही मिसळीत असते, असे आम्हांला अनेकदा जाणवले आहे.

या पार्श्वभूमीवर बागेचा विचार करावयाचा आहे. ऋतुजन्य नैराश्यावरील शोधनिबंध ज्या वर्षी प्रसिद्ध झाला, त्याच १९८४ साली रॉजर उलरिक यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लहानसा परंतु पुढे फार गाजलेला निबंध लिहिला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. तेवीस रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या तेवीस रुग्णांच्या खिडकीतून विटांची भिंत दिसत होती. झाडे पाहणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. संख्या लहान आहे, त्यावरून सर्व प्रश्न सुटले असे म्हणता येणार नाही. तरीही भिंतीला टेकून, भिंतीकडे पाहत बसलेले मूल दिसले, की आम्हांला तो निबंध आठवतो.

अलीकडे इंग्लंडमधील डर्बी विद्यापीठात माइल्स रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गाशी माणसाचे नाते कशाने जुळते, याचा शोध घेतला. इंद्रियांचा अनुभव, सौंदर्याची जाणीव, भावना, त्या वस्तूला आपल्या जीवनात मिळालेला अर्थ आणि करुणा, हे पाच मार्ग त्यांना आढळले. वनस्पतींची नावे व माहिती पाठ केल्याने मात्र हे नाते जुळत नाही, असेही त्यांच्या अभ्यासात दिसले. आम्हा शिक्षकांना हे पचायला जड आहे. झाड दिसले, की त्याचे नाव सांग, कुळ सांग, उपयोग सांग, वहीत उतरव, हा आमचा जातिवंत स्वभाव. परंतु बागेच्या त्या अर्ध्या तासात आम्ही आता मुलांना एवढेच विचारतो : काल नव्हते आणि आज आहे, असे काय दिसले? उत्तरे ऐकण्यासारखी असतात. ‘मेथीच्या टोपीसारखं बी पानावरच अडकलंय.’ ‘मुंग्यांनी रस्ता बदलला.’ ‘धोबी पक्षी आला, शेपूट हलवतो.’ धोबी पक्षी थंडीतला पाहुणा आहे, तो उत्तरेकडून येतो, हे त्या उत्तरानंतर सांगितले तर मुलाच्या मनात राहते. आधी सांगितले तर वहीत राहते.

बागेतील एका वनस्पतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. शेवंती ही आपल्याकडील हिवाळ्याची खरी मानकरी. तिचे फुलणे थंडीपेक्षा रात्रीच्या लांबीवर अधिक अवलंबून असते. दिवस लहान होऊ लागले, अखंड अंधाराचे तास वाढले, की तिला कळ्या धरतात. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून दिवसाच्या लांबीचा हा नियम दाखवून दिला. आपल्या वावरातील पारंपरिक तूरही याच नियमाने दिवस आखडू लागल्यावर फुलावर येते. ओसरीच्या दिव्याखाली रात्रभर उजेडात राहिलेल्या शेवंतीला कळ्या उशिरा येतात आणि दहा पावलांवर, अंधारातील वाफ्यात तिच्याच फुटव्यांपासून लावलेली शेवंती आधी फुलते. हे मुलांना पुस्तकाविना दाखविता येते. ज्या आखूड दिवसांनी माणसाचे मन मंदावते, त्याच दिवसांची वाट पाहणारे एक झाड आपल्या अंगणात आहे, हे पाहिल्यावर मुले विचारात पडतात. काय विचार करावा, हे आम्ही सांगत नाही. ६ डिसेंबरच्या अभिवादनासाठी लागणारी फुले बाजारातून न आणता याच वाफ्यांतून खुडली जातात, आणि आपण वाढविलेले फूल बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवताना मुलाचा चेहरा कसा असतो, हे पालकांनी एकदा येऊन पाहावे.

येथवर सर्व सुरळीत वाटेल. परंतु बागेच्या या उपक्रमाला सर्वांत गंभीर आक्षेप पालकांकडूनच आला आणि तो आम्हांला मोलाचा वाटतो. एक आई पालकसभेत उभी राहून म्हणाली, ‘सर, आमच्या हातची माती सुटावी म्हनून पोराले शाळेत घातलं. अन् तुमी त्याच्याच हाती खुरपं देता?’ सभागृहात क्षणभर कोणी बोलले नाही.

या प्रश्नामागे पिढ्यांचा इतिहास आहे. निसर्गाच्या सान्निध्याची गोड वर्णने ज्यांनी लिहिली, त्यांतील बहुतेकांना माती ही आवडीची गोष्ट होती. आपल्या आज्या-आजोबांच्या वाट्याला ती सक्तीची होती. दुसऱ्याच्या वावरात राबायचे, पीक दुसऱ्याच्या घरी जायचे आणि त्याच गावाच्या विहिरीवर पाणी मागायचीही सोय नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट रोपाला झारीने पाणी घालणाऱ्या आपल्या मुलांना ठाऊक असली पाहिजे. मुंबई इलाख्यात महार वतनाच्या नावाखाली तुटपुंज्या मोबदल्यात अहोरात्र राबवून घेण्याची पद्धत होती. तिच्यातून समाजाला सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. वऱ्हाडातील व्यवस्था वेगळी असली, तरी गावकीची कामे येथेही चुकली नव्हती. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. तोही हिवाळाच होता. लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले, ते मातीपासून सुटका मागण्यासाठी नव्हे. स्वतःच्या मालकीची माती मागण्यासाठी.

त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही या इतिहासातूनच शोधले. मातीत हात घालणे ही अपमानाची गोष्ट नाही; दुसऱ्याच्या हुकमाने, दुसऱ्याच्या लाभासाठी घालावा लागणे ही आहे. म्हणून शाळेच्या बागेचे काही नियम कटाक्षाने पाळले जातात. बागकाम शिक्षा म्हणून कधीही दिले जात नाही. गृहपाठ झाला नाही म्हणून गवत उपटायला पाठविण्याची रीत पुष्कळ शाळांतून आढळते. तिने एकाच वेळी अभ्यास आणि बाग या दोहोंचा द्वेष शिकविला जातो. प्रत्येक इच्छुक मुलाचा वाफा त्याचा स्वतःचा असतो, साधारण तीन हात रुंद आणि चार हात लांब. त्यात काय पेरायचे, हे तोच ठरवितो. उगवलेली भाजी भोजनगृहाला द्यायची की भेटीला आलेल्या आईच्या पिशवीत घालायची, हाही निर्णय त्याचाच. गुण नाहीत, स्पर्धा नाही. खोदायचे मुलांनी आणि पाणी घालायचे मुलींनी, ही वाटणीही चालत नाही. ज्याला बागेत यायचे नाही, त्याने त्या वेळेत उन्हात बसून पुस्तक वाचावे. त्याच पालकसभेतील त्या आईच्या मुलाने पहिल्या वर्षी तेच केले. दुसऱ्या वर्षी त्याने वाफा मागितला आणि त्यात नुसते झेंडू लावले, एकही भाजी नाही. आम्हांला ते फार आवडले. उपयोगाचे काही न लावण्याची चैन त्याच्या घराण्यात बहुधा तोच पहिल्यांदा करीत असावा.

बाबासाहेबांनीही दिल्लीतील आपल्या निवासस्थानी हौसेने बाग जोपासली होती, हे त्यांच्या सहवासात राहिलेल्यांच्या आठवणींतून समजते. राज्यघटना, ग्रंथलेखन आणि ढासळती प्रकृती यांच्या गर्दीत त्यांनी फुलांसाठी वेळ काढला. औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० साली सुरू झाले, तेव्हा तो परिसर उघड्या माळरानाचा होता. तेथे झाडे लावण्याचा त्यांनी आग्रह धरला आणि परिसराला नाव दिले नागसेनवन. मिलिंद राजाच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या नागसेनाच्या नावापुढे ‘वन’ हा शब्द त्यांनी जोडला, यात बौद्ध परंपरेची अचूक जाण आहे.

कारण बुद्धाच्या संघाची वसतिस्थाने बागाच होत्या. राजगृहाजवळचे वेळुवन, श्रावस्तीचे जेतवन, वैद्य जीवकाचे आम्रवन, वैशालीच्या आम्रपालीने दान दिलेली आमराई. सिद्धार्थाचा जन्म लुंबिनीच्या वृक्षराजीत, संबोधी पिंपळाखाली, महापरिनिर्वाण कुसिनारेला दोन शालवृक्षांच्या मध्ये. पावसाळ्याचे महिने सोडले तर भिक्षू उघड्यावर वावरत. संयुत्तनिकायात ‘वनरोप’ नावाचे एक लहान सुत्त आहे. कोणाचे पुण्य रात्रंदिवस वाढते, या प्रश्नाच्या उत्तरात तेथे उपवने व वने लावणाऱ्यांचा उल्लेख पाणपोई आणि पूल बांधणाऱ्यांच्या जोडीने येतो. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व जनावरांसाठी औषधी वनस्पती लावविल्याचे, तर सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वड आणि आमराया लावविल्याचे नोंदविले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे लेख वाचताना एक गोष्ट विशेष वाटते : युद्ध जिंकल्याचे सांगण्यासाठी शिळा कोरणारे राजे अनेक झाले, झाड लावले, हे सांगण्यासाठी शिळा कोरणारा विरळा.

त्याच अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली. अनुराधपूर येथे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लावलेला तो वृक्ष आजही उभा आहे आणि बावीस शतके त्याची अखंड निगा राखली गेली आहे. संघमित्रेच्या आगमनाचा दिवस श्रीलंकेतील बौद्ध लोक डिसेंबरच्या पौर्णिमेला साजरा करतात. आमची एक सूचना आहे. शाळेने मार्गशीर्ष पौर्णिमेला हा दिवस पाळावा. झाडे लावण्याचा आपला हंगाम पावसाळ्याचा असल्यामुळे या दिवशी नवे रोप लावू नये. जूनमध्ये लावलेल्यांतील किती जगली, हे मोजावे, त्यांची आळी भुसभुशीत करावीत, काड्यांचे कुंपण दुरुस्त करावे. छायाचित्रासाठी झाड लावणारे पुष्कळ भेटतात. डिसेंबरमध्ये त्याच झाडाकडे परत जाणारे कमी.

आता प्रत्यक्ष पद्धतीविषयी. हिवाळ्यात बागेची वेळ सकाळी साडेसात ते आठ ही असावी. ऊन कोवळे असते, डोळ्यांना पुरेसा उजेड मिळतो आणि थंडीने आखडलेले अंग मोकळे होते. पहाटेच्या अभ्यासातील अर्धा तास कमी झाला म्हणून निकाल घसरत नाही. डुलक्या घेत वाचलेल्या अर्ध्या तासाची किंमत प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. म्हणून वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि पाणी बेताने द्यावे. भोजनगृहातील भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी बागेला पुरते.

काय पेरावे, याला मुलाच्या मनःस्थितीशी संबंध आहे, असे आमचे अनुभवाने बनलेले मत आहे. मन उतरलेल्या मुलाला प्रथम सांबार पेरायला सांगू नये. धने रगडून, दोन फाकी करून पेरले तरी थंडीत उगवायला आठ-दहा दिवस घेतात, आणि तेवढ्यात त्या मुलाची खात्री पटते, की आपल्या हातून काही उगवतच नाही. त्याला मेथी द्यावी. ती तीन-चार दिवसांत जमिनीबाहेर डोके काढते आणि महिन्याभरात खुडायला येते. पुढे पालक, मुळा, गाजर, वालाचा वेल. कोपऱ्यात हरभऱ्याच्या दोन ओळी असाव्यातच. हरभऱ्याचे शेंडे खुडले, की त्याला अधिक फांद्या फुटतात, हे मुलांना आश्चर्याचे वाटते. आणि पहाटे हरभऱ्याच्या पानांवर बोट फिरवून जिभेला लावले, की जी आंबट चव लागते, ती आंब. दव पडलेल्या पानांवरील या आम्लासाठी जुनी माणसे रात्री हरभऱ्यावर धुतलेले धडके पसरीत आणि सकाळी पिळून पोटदुखीवर औषध म्हणून ठेवीत. पोट दुखते म्हणून खोलीत पडून राहिलेल्या मुलाला आम्ही औषध म्हणून नव्हे, चव पाहण्यासाठी हरभऱ्याकडे नेतो. बहुतेकांना ती चव घरच्या वावराची आठवण करून देते. त्या आठवणीबरोबर मूल बोलू लागते, क्वचित रडते, आणि ‘काही नाही’ च्या आत काय आहे, ते तेव्हा कळते. जानेवारीत एकदा मुलांना तालुक्यातीलच महान येथील काटेपूर्णा धरणावर न्यावे. अकोला शहर ज्याचे पाणी पिते, त्या जलाशयावर थंडीत दूरदेशीची बदके उतरलेली असतात. घरापासून लांब आलेले आपण एकटेच नाही, हे मुले आपसांत म्हणतात. आम्ही म्हणत नाही.

या सर्वांची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. बाग हा उपचार नव्हे. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिले, जेवण-झोप बिघडली, मित्रांपासून तुटले, जगण्याविषयी निराशेचे शब्द बोलले, तर त्याला वाफ्याकडे नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, आणि तेही लपून-छपून नव्हे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर लिहिलेला आहे, तसा तो घराच्या भिंतीवरही असावा. बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करणाऱ्यांकडे नेण्याचे प्रकार आपल्या समाजात अद्याप संपलेले नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी ते होऊ नयेत.

पालकांपैकी जे कर्जाने खचले आहेत, त्यांना फुलझाडे लावा असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल. कापसाचा भाव शेवंतीने वाढत नाही. त्यांच्याकडे आमचे मागणे फार लहान आहे. दिवाळीच्या सुटीहून मुलाला परत पाठविताना त्याच्याबरोबर घरचे मूठभर बियाणे द्या. वालाचे, मेथीचे, गावरान वांग्याचे, जे घरात असेल ते. कागदाच्या पुडीवर गावाचे नाव आणि ते बी कोणी राखून ठेवले, आजीने की काकूने, हे लिहा. ज्यांच्याकडे जागा नाही, जे अकोल्यात एका खोलीत राहतात, त्यांनी बाजारातून आणलेल्या धन्यांची पुडी दिली तरी चालेल. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हे बी वाफ्यात पडले पाहिजे. त्यानंतर थंडी वाढते आणि उगवण रेंगाळते.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या अंगणात शेवंती आहे, त्यांनी फुले संपल्यावर झाडे उपटून टाकू नयेत. जमिनीलगत छाटून ठेवावीत, उन्हाळ्यात थोडे पाणी द्यावे आणि मुळाशी आलेले फुटवे जूनच्या पहिल्या पावसानंतर शाळेत आणून द्यावेत. डिसेंबरमध्ये आणलेला फुटवा त्या वर्षी फुलत नाही.